पासधारकाचा पहिला महिना

नोकरीच्या निमित्ताने सातारा, नांदेड, चंद्रपूर किंवा कुडाळ सोडून जो तरुण अथवा जी तरुणी बदलापूरला, नालासोपाऱ्याला वा पनवेलला भाड्याची खोली घेते, आणि दुसऱ्याच दिवशी परळच्या किंवा चर्चगेटच्या कचेरीत वेळेवर रुजू होण्यासाठी सकाळी स्थानकावर येऊन उभी राहते, तिला लोकलला फार गर्दी असते एवढे कोणीतरी सांगितलेले असतेच. परंतु त्या गर्दीत शिरावे कसे, आत उभे कोठे राहावे, उतरण्याची सिद्धता केव्हापासून करावी आणि कोणत्या गाडीत पाऊलच ठेवू नये, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या महिन्यात जो मनस्ताप होतो, जी चीड येते आणि परत गावी निघून जावे असे जे वाटू लागते, त्याचा मोठा अंश या अज्ञानातून उद्भवतो, असे दीर्घकाळच्या प्रवासानंतर माझे ठाम मत झाले आहे. गर्दी कमी करणे आपल्या हाती नसले तरी तिच्या चालीरीती शिकता येतात, आणि त्या ज्याला कळल्या त्याचा निम्मा शीण उतरतो. म्हणून नव्या प्रवाशासाठी चार गोष्टी येथे विस्ताराने सांगत आहे.

प्रथम ही गर्दी का होते हे ध्यानात घ्यावे, म्हणजे धक्का मारणाऱ्याविषयी मनात वैर राहत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत कचेऱ्या बहुतांशी दक्षिणेकडे राहिल्या व राहती घरे मात्र उत्तरेकडे आणि खाडीपलीकडे सरकत गेली. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या या चिंचोळ्या भूमीवर सकाळी सारे लोक एकाच दिशेने निघतात व सायंकाळी सारे एकाच दिशेने परततात. दररोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे या गाड्यांतून जातात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असतात, हे रेल्वेच्या कारभाऱ्यांनीच मान्य केलेले आहे. तेव्हा पहिल्या दिवशी आपल्याला गाडीत चढता आले नाही, तर त्यात स्वतःला दुबळे समजण्याचे काही कारण नाही.

आता गाडीची निवड. जुना प्रवासी गाडीला वेळेच्या नावाने ओळखतो. ‘माझी आठ-चौदाची आहे’, ‘नऊ-दोनची गेली का?’ अशी त्याची भाषा असते, आणि नवख्याने पहिल्या आठवड्यातच आपली अशी एक गाडी ठरवून घ्यावी. ती ठरवताना कोणती गाडी लवकर पोचवते हे मागाहून पाहावे. कोणती गाडी आपल्याच स्थानकातून किंवा आपल्या अगदी अलीकडच्या स्थानकातून सुटते, हे आधी पाहावे. बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे, भाईंदर, बोरिवली येथून सुटणाऱ्या गाड्या असतात, आणि कर्जतहून भरून आलेल्या जलद गाडीच्या दारात लोंबकळण्यापेक्षा आपल्याच स्थानकातून सुटणाऱ्या धीम्या गाडीत उभे राहून जाणे शतपट श्रेयस्कर आहे. धीमी गाडी काही मिनिटे अधिक घेते. परंतु ती मिनिटे जिवाच्या मोलाने वाचवण्यासारखी नाहीत.

इंडिकेटरवरची अक्षरेही शिकून घ्यावी लागतात. मध्य रेल्वेवर ‘के’ म्हणजे कल्याण आणि ‘टी’ म्हणजे ठाणे हे सहज उमगते. परंतु ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत हे सांगितल्यावाचून कळत नाही, शिवाय तेच ‘एस’ धीम्या गाडीची खूण म्हणूनही येते. कल्याणपुढे हे दोन मार्ग फुटतात. टिटवाळ्याला जाणारा मनुष्य रात्री कर्जतच्या गाडीत डुलकी घेत बसला, तर शहाडऐवजी विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर पाहत बसतो. डब्यांची संख्याही पाहावी, कारण बारा डब्यांच्या आणि पंधरा डब्यांच्या गाडीत आपला डबा फलाटावर वेगळ्या ठिकाणी येतो. दादरला कोणाची भेट ठरवताना पूर्वी ‘एक नंबरवर ये’ असे सांगितले, तर तो पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर आणि आपण मध्य रेल्वेच्या एक नंबरवर, असा घोटाळा हमखास होत असे. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा असे क्रमांक दिले आहेत, त्यामुळे तो घोळ मिटला. मात्र जुने लोक अजून जुनेच क्रमांक बोलून जातात, हे लक्षात असू द्यावे.

फलाटावर उभे राहताना दाराच्या अगदी समोर उभे राहू नये. उतरणाऱ्यांचा लोंढा सरळ बाहेर येतो आणि समोरच्या माणसाला मागे रेटत नेतो. दाराच्या बाजूला उभे राहावे, उतरणारे उतरू द्यावेत आणि मग एका दमात आत जावे. पिशवी पाठीवर न ठेवता छातीशी धरावी, भ्रमणध्वनी व पाकीट मागच्या खिशात ठेवू नये, छत्री मिटून बांधलेली असावी, ओढणीचे वा पदराचे टोक आवरून घ्यावे, चप्पल सैल नसावी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु गाडी स्थानकावर वीस-तीस सेकंद थांबते आणि तेवढ्यात चप्पल शोधण्याची कोणालाही सवड नसते.

आणि गाडी सुटू लागली असेल तर ती जाऊ द्यावी. या लेखात मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते हेच आहे. कचेरीतल्या हजेरीचे भय, वरिष्ठाचे बोलणे, पगारातून होणारी कपात हे सारे खरे आहे, आणि ज्याचे पोट त्या नोकरीवर आहे त्याला ‘घाई करू नका’ असा कोरडा उपदेश करून भागत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच उपाय फलाटावर शोधून सापडत नाही. तो घरी, आदल्या रात्री करावा लागतो. आपल्या हिशोबात वीस मिनिटे कायमची राखून ठेवावीत. साडेनऊला पोचायचे असेल तर नऊ-दहाला पोचवणारी गाडी आपली मानावी, म्हणजे ती चुकली तरी पुढची हाती असते, आणि दारात एका पायावर उभे राहण्याची वेळ येत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींनी प्राण गमावले. ती माणसे बेफिकीर होती, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना वेळेवर कामावर पोचायचे होते. परंतु त्यांच्या जागी आपण असू नये यासाठी आपल्याला जे करता येण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते प्रत्येकाने करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आत शिरल्यावर नवखा प्रवासी बहुधा दारापाशीच घुटमळतो. आत गेलो तर उतरता येणार नाही असे त्याला वाटते. ज्याला दोन-तीन स्थानकांत उतरायचे आहे त्याने तेथे थांबावे. इतरांनी बाकांच्या मधल्या वाटेत सरळ जावे, कारण तेथे पंखा असतो, श्वास घेता येतो आणि एखादी जागा रिकामी झालीच तर तीही तेथेच होते. उतरण्याची तयारी दोन स्थानके आधी सुरू होते. घाटकोपर सुटल्यावर बाकावरचा माणूस उठतो, पुढच्याच्या खांद्याला हलकेच बोट लावून ‘दादर?’ एवढाच एक शब्द विचारतो, आणि पुढचा मान हलवतो किंवा अंग चोरून त्याला वाट देतो. कुर्ला मागे पडेपर्यंत दाराकडे तोंड केलेली एक रांगच तयार झालेली असते. तिच्यात ज्याने जागा घेतली त्याला उतरण्यासाठी काही करावे लागत नाही, रांगच त्याला फलाटावर नेऊन सोडते. फलाट कोणत्या बाजूला येतो, हे मात्र आधी विचारून ठेवावे. चुकीच्या दाराशी उभा असलेला मनुष्य त्या वीस सेकंदांत डबा ओलांडून पलीकडे जाऊ शकत नाही. आणि आपले स्थानक यायचे असतानाच लोंढ्याबरोबर आपण बाहेर ओढले गेलो, तर विरोध करत दाराला धरून राहू नये. शांतपणे खाली उतरावे, दाराच्या कडेला उभे राहावे आणि उतरणारे संपले की पुन्हा चढावे. असे उतरलेल्याला आतले लोक हात देऊन वर घेतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

बसण्याच्या जागेविषयी येथे एक अलिखित कायदा चालतो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो; ‘जरा सरकून घ्या’ असे म्हटल्यावर तिघांनी सरकणे हे कर्तव्य मानले जाते आणि चौथ्याने अर्ध्या बैठकीवर समाधान मानणे हेही. महिलांच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न म्हणजे जागेची मागणी असते. ‘मुलुंड’ असे उत्तर देणाऱ्या बाईने मुलुंडला ती जागा विचारणारीलाच द्यावयाची; मध्येच आलेल्या दुसरीला ती दिली तर मोठा वाद होतो, आणि तो योग्यच आहे, कारण शब्द दिलेला असतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची पहिली संपूर्ण गाडी सुरू झाली. तेव्हापासूनच्या काळात नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली आहे की त्यांच्या डब्यांतील दाटी पुरुषांच्या डब्यांहून यत्किंचितही कमी राहिलेली नाही. कर्जत-कसाऱ्याकडच्या लांबच्या गाड्यांत बसलेला मनुष्य अर्ध्या वाटेत आपण होऊन उठतो आणि उभ्या असलेल्या सहप्रवाशाला बसवतो. तेथे ना कोणाचा हुकूम असतो, ना दंडाची भीती. या शहराविषयी ज्याला राग येत असेल त्याने हे दृश्य एकदा जवळून पाहावे.

तथापि जे जे रूढ झाले आहे ते सारेच मान्य करावे, असे मी म्हणणार नाही. न आलेल्या मित्रासाठी रुमाल किंवा वर्तमानपत्र टाकून जागा अडवणे हा उघड अन्याय आहे. विरारच्या जलद गाडीत बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दारातल्या टोळक्याने अडवून धरणे, त्याला दमदाटी करणे, प्रसंगी हात उगारणे, ही रूढी नव्हे, दांडगाई आहे. तिकीट घेतलेल्या प्रवाशाला गाडी जेथे थांबते तेथे उतरण्याचा पूर्ण हक्क आहे. विरारकरांची अडचण मी समजू शकतो. जवळच्या लोकांनी जवळच्या गाडीने जावे ही त्यांची अपेक्षाही रास्त आहे, आणि नवख्याने ती पाळावी. परंतु जो चुकून चढला त्याला शिक्षा करण्याचा अधिकार सहप्रवाशाला कोणी दिलेला नाही. जागा मिळावी म्हणून डोंबिवलीहून उलट कल्याणला जाऊन तीच गाडी परत धरणे, ज्याला लोक ‘रिटर्न येणे’ म्हणतात, ते मात्र मी दोषास्पद मानत नाही. फक्त पास डोंबिवलीपासूनचा न काढता कल्याणपासूनचा काढावा, नाहीतर तिकीट तपासनिसापुढे निरुत्तर व्हावे लागते.

तिकिटाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे पाच रुपये आहे, आणि विनातिकीट सापडल्यास भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये दंड होतो. तेव्हा तिकीट चुकवण्यात शहाणपण नाही. तिकीट काढल्यापासून तासाभराच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. पास दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, आणि त्यावर नोंदवलेले ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. दुसऱ्या वर्गाच्या पासावर पहिल्या वर्गात शिरणे हाही गुन्हाच समजला जातो, आणि पहिल्या वर्गाचा साधा पास वातानुकूलित गाडीत चालत नाही, ही गोष्ट पुष्कळांना दंड भरल्यावर कळते. नोकरी कायम होण्याची खात्री असेल तर तीन महिन्यांचा पास घ्यावा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहण्याची तसदी वाचते.

पुलाविषयी आणि रुळांविषयी दोन शब्द. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसाच्या सरीत एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मरण पावली. पूल तुंबलेला दिसला तर त्यावर चढू नये, खाली मोकळ्या जागेत थांबावे. आणि पुलावर अडकलोच तर कठड्याकडे न जाता दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी, खाली पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये. फलाट बदलल्याची घोषणा ऐन वेळी झाली म्हणजे सारा जमाव पुलाकडे धावतो. त्या क्षणी धावणाऱ्यांत आपण नसावे. रूळ ओलांडणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत, परंतु कायद्याची गोष्ट दूरच. जलद मार्गावरून येणाऱ्या गाडीचा आवाज शेजारच्या गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही, हे एवढे एकच कारण पुरेसे आहे.

पावसाळ्यासाठी स्वतंत्र तजवीज करावी लागते. साडेचार मीटरहून उंच भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की शहरातले पाणी समुद्रात जात नाही, आणि शीव-कुर्ला तसेच हार्बर मार्गावर चुनाभट्टी येथे रुळांवर पाणी चढते. मोठ्या भरतीच्या तारखा महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच प्रसिद्ध करते. त्या कापून घरात भिंतीला लावाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लाखो माणसे त्या रात्री घरी पोचू शकली नाहीत. तशा दिवसाची वाट न पाहता जूनपासूनच पिशवीत पाण्याची बाटली, चणे-शेंगदाणे, नित्याची औषधे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपड्यांचा एक जोड आणि भ्रमणध्वनी भारित करण्याचे साधन ठेवावे. कचेरीच्या आसपास एक घर असे हेरून ठेवावे की जेथे रात्री मुक्कामाला गेल्यास संकोच वाटणार नाही. नवख्याला नातलग नसतात, तेव्हा सहकाऱ्याशी ही बोलणी आधीच करून ठेवावीत. गाडी मध्येच उभी राहिली तर सूचना मिळेपर्यंत खाली उतरू नये. रस्त्याने चालावे लागले तर पाण्याखाली उघडे मॅनहोल असू शकते, म्हणून दुभाजकाच्या कडेने, छत्रीच्या टोकाने पुढची जमीन चाचपत, आणि शक्य तर चार जणांनी मिळून चालावे.

दारात उभे राहून भ्रमणध्वनी पाहत बसणाऱ्यांना एक विशेष इशारा द्यावासा वाटतो. रुळांच्या कडेला उभे राहून काठीने हातावर तडाखा मारायचा आणि हातातून पडलेला फोन उचलून पळायचे, असे करणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांना ‘फटका’ टोळी म्हणतात, आणि त्या तडाख्याने तोल जाऊन माणसे गाडीखाली आलेली आहेत. फोन गेला तर जाऊ द्यावा, त्याच्यामागे उडी घालू नये. पुढच्या स्थानकावर उतरून लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार द्यावी. ‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाल्यास नम्रपणे पण ठामपणे सांगावे की गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि मग तो संबंधित हद्दीकडे वर्ग होतो. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक आजच एका वहीत उतरून घरी ठेवावा. तो असल्याशिवाय फोन बंद करवून घेता येत नाही. संकटसमयी रेल्वेचा १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हे दोन क्रमांक पाठ असावेत.

तक्रारीविषयी माझा आग्रह अधिक आहे. मोडलेली पायरी, बंद पडलेला पंखा, महिलांच्या डब्यात रात्री नसलेला पहारा, कानावर न पडणाऱ्या घोषणा, यांबाबत आपण गाडीत फार बोलतो आणि कागदावर काहीच लिहीत नाही. मुंबईकरांच्या सहनशक्तीची दरवर्षी स्तुती होते. त्या स्तुतीने फलाटाची उंची एक बोटही वाढलेली नाही. ती वाढली ती लोक न्यायालयात गेल्यामुळे आणि उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरल्यामुळे. म्हणून तारीख, वेळ, गाडी, डबा आणि स्थानक यांचा नेमका उल्लेख करून तक्रार लिहावी, पोच घ्यावी, आणि आपल्या स्थानकावर प्रवासी संघटना असेल तर तिच्यात नाव नोंदवावे. नव्या माणसाने तर हे अवश्य करावे, कारण जुन्यांच्या डोळ्यांना जे आता दिसेनासे झाले आहे ते त्याला अजून दिसत असते.

महिनाभरात हे सारे अंगवळणी पडते, आणि मग गावाहून आईवडील येतात. त्यांना मुंबई दाखवण्यासाठी रविवार निवडण्याचा मोह होतो. परंतु रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा कोणता मार्ग किती वेळ बंद आहे हे शनिवारच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावे. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी न्यायचे असेल तर सकाळी अकरानंतर, गर्दी ओसरल्यावर, आपल्या स्थानकातून सुटणाऱ्या धीम्या गाडीने न्यावे. आईला महिलांच्या डब्यात एकटीला बसवू नये. ती कोठे उतरली हे आपल्याला कळत नाही आणि आपण कोठे आहोत हे तिला कळत नाही. दोघांच्याही खिशात आपले नाव, पत्ता आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, चुकामूक झालीच तर जेथे असाल त्या फलाटावरच उभे राहा असे बजावून सांगावे, आणि परतीची गाडी सायंकाळी चारच्या आत धरावी.